डाव्या दारातला काळा पार्ट

यंदा म्हसा गावच्या जत्रेला जायचं, हे मी पोळ्या लाटता लाटता ठरवलं. यजमान होते तेव्हा दर पौषात आम्ही दोघं जायचो. ते गेल्यावर दोन जत्रा मी चुकवल्या. गाडी दारात उभी होती, चालवायला मी यंदा शिकले. मग वाट कुणाची बघायची?

शहापूरहून सकाळी सातला निघाले. किन्हवलीवरून सरळगाव आणि तिथून मुरबाड, हा रस्ता घ्या. मधेमधे खड्डे आहेत, पण घाई नसेल तर हिवाळ्यात याच्यासारखा रस्ता नाही. कापणी झालेली खाचरं धुक्याखाली निजलेली असतात. झाडांचे शेंडे आधी दिसतात, खोडं बऱ्याच वेळाने. मधेच बांधावर एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन चालताना दिसते आणि तिचे पाय दिसतच नाहीत. मी दोनदा डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघून "ते बघा" म्हणाले. खरं तर ती माझी सीट. इतकी वर्षं तिथे बसून मी धुकं दाखवायची आणि ते उजवीकडून नुसतं "हं" म्हणायचे.

सरळगावला मिसळ खाल्ली. चहा धरून शंभराच्या आत पोट भरतं. तिथून निघताना हॉर्न बंद पडला. जत्रेच्या रस्त्यावर बैल, टेम्पो, पोरंबाळं. हॉर्नशिवाय जाणं बरं नव्हे. म्हणून मुरबाडला एका गॅरेजात थांबले.

"चहा पिऊन या, मावशी. अर्ध्या तासात होतंय," कानाला मफलर बांधलेले मिस्त्री म्हणाले.

परत आले तर हॉर्न वाजत होता. त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आपल्याकडची ही रीत मला आवडते: काढलेला जुना माल गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, म्हणजे नवा खरंच बसवला याची खात्री पटते. पिशवीत जुना हॉर्न होता आणि वायरचा तुकडा.

"डावी काच पण खडखडत होती. फटीत नवं रबर बसवून दिलं," ते म्हणाले.

मी बघितलं. काचेच्या फटीत कायम दिसणारं काळं टोक तिथे नव्हतं. दोन्ही दारांच्या काचा खाली घसरायच्या, तेव्हा यजमानांनी कल्याणहून पार्ट मागवून स्वतः बसवले होते. "कंपनीचा माल आहे, हात लावायचा नाही," असं मला बजावलंही होतं. या गाडीत त्यांच्या हाताचं तेवढंच काम.

"यात एक पार्ट कमी आहे," मी म्हणाले.

मिस्त्रींचा चेहरा पडला. "मावशी, आमी कुणाचा जुना माल ठेवत नाय."

"ठेवलात असं कुठे म्हणते मी? पण काळा पार्ट होता. बोटाएवढा, चपटा."

त्यांनी क्लिप दाखवली. ही नाही. पॅकिंग दाखवलं. तेही नाही. मग कुठल्या तरी गाडीचा बुश आणला, तो गोल होता.

बाकावर एक म्हातारे बसले होते, टेम्पोच्या कामासाठी आलेले. त्यांना भलतीच मजा वाटत होती. "देऊन टाक ना रे बायचा पार्ट! कुणाच्या गाडीला चढवलास?"

"तात्या, तुमी गप ऱ्हावा. मावशी, होता कुठं नेमका?"

"तुम्ही रबर बसवलंत ना, त्याच फटीत."

मिस्त्रींनी तात्यांच्या बाकाच्या पायाकडे बघितलं. "तात्या, उठा जरा."

"का रे?"

"बाक डुगडुगत होता, म्हणून पायाखाली सारला मी तो. मावशी, पार्ट कसला? बांबूची कामटी हाय ती!"

तात्या बाक धरून हसायला लागले. "म्हंजे मगासपासून पार्टावर बसूनच मी पार्ट मागतोय!"

मी मात्र ऐकेना. "कल्याणहून मागवलाय तो." मिस्त्रींनी ती बाकाखालून काढली आणि पेट्रोलच्या फडक्याने ग्रीस पुसलं. खालून पिवळा बांबू निघाला. टोकाला तापल्या सुईने टोचलेले तीन ठिपके होते.

ते ठिपके माझे. माझी शाळा दुसरीत सुटली. लग्नानंतर घरीच वाचायला शिकले, तेव्हा ओळ चुकू नये म्हणून ओळीखाली ही कामटी धरायची. एक दिवस ती नाहीशी झाली. मी घर पालथं घातलं. यजमान माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते. "उंदराने नेली असेल," म्हणाले.

मला हसू आलं, आणि मग पदर डोळ्यांना लावावा लागला.

"काय झालं गो बाय?" तात्यांनी विचारलं.

"उंदीर सापडला."

मिस्त्रींनी कामटी बोटांत फिरवली. "माप बरोबर घेतलंय पण. हे टोक कापलेलं हाय, म्हंजे ही अर्धीच, मावशी. दुसरी उजव्या दारात असणार. काढून तिकडं पण रबर टाकू?"

"नको," मी म्हणाले.

म्हशाला दुपारी पोचले. घोंगडी घेतली, बैलांच्या बाजारात उगाच फिरले. लांबवर सिद्धगडाचा डोंगर निळा, जागा आहे की नाही ते न कळणारा. उजेडातच घरी परतले.

कामटी आता पुन्हा पुस्तकात असते. पूर्वी ओळभर पुरायची, आता मधेच संपते; पुढची ओळ माझी मीच धरते. त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापताना मी त्यांच्याशी उंदरावरून चांगलं कडकडून भांडले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

कधी माझ्या गाडीत बसलात तर डावी काच खुशाल खाली-वर करा. उजवीला तेवढा हात लावायचा नाही. कंपनीचा माल आहे.