गाऱ्हाण्यात घातलेली चूक

यंदाच्या चतुर्थीला तारकर्लीच्या आमच्या घरी माझ्यावर पुन्हा तोच घोर अन्याय झाला. लहानपणी चार इयत्ता संस्कृत शिकलो, या अपराधाची शिक्षा म्हणून पूजा, मंत्रपुष्पांजली, सगळं माझ्याच गळ्यात... आणि माझा चहा दरवर्षी थंडगार!

आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचं कामही माझंच. देवापुढे एकेकाचं नाव घेऊन मागायचं, आणि घरादाराने "होय म्हाराजा" म्हणायचं.

यंदा पुतणी आली होती, सानिका. घर सोडून पुण्याला गेली तेव्हा सगळे तिला मुलगा समजत होते. सानिका म्हणून ती पहिल्यांदाच गणपतीला येत होती. सकाळपासून मी अगदी जपून "सानिका, सानिका" म्हणत होतो. स्वतःवर जाम खूशही होतो.

गाऱ्हाण्याला सुरुवात केली. धाकट्या भावाला आरोग्य मागितलं, भाच्याला नोकरी मागितली. मग सानिकाचं जुनं नाव घेतलं (ते इथे लिहीत नाही) आणि तिला पुन्हा मुलगा करून म्हणालो, "ह्या घरच्या थोरल्या झिलाक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं घर एका सुरात.

सानिका आरतीचं ताट धरून उभी होती. फक्त तिचेच ओठ मिटलेले होते...

"थांबा, भावजीनू." वहिनी, म्हणजे तिची आई. "माझा चेडू आसा तां. सानिका नाव तेचा. परत घाला गाऱ्हाणा." चेडू म्हणजे मुलगी.

परत घातलं. या वेळी नाव बरोबर घेतलं, सुख मागितलं. दुसरा "होय म्हाराजा" जरा बारीक आला, पण आला. शेवटी "चुकला माकला पोटात घाल" हे मी दरवर्षी पाठ म्हणतो. यंदा मान वर करून म्हणता आलं नाही.

नंतर सानिकाला गाठून म्हणालो, "जीभ घसरली गो."

ती एवढंच म्हणाली, "काकानू, तुमची चाय थंड झाली. गरम करून आणू?"

आणली. मी ती तशीच पुन्हा थंड होऊ दिली.

कारण जीभ घसरली नव्हती. नाव चुकलं असेल सवयीने, पण बाकीच्यांना आरोग्य आणि नोकरी, आणि बुद्धी फक्त तिलाच... ते माझ्या मनातलंच होतं. दिवसभर नीट नाव घेत होतो आणि आतून देवाकडे जुना पुतण्या मागत होतो.

तिला ते कळलंय. पुढच्या चतुर्थीला ती येणार नाही, अशी भीती वाटते मला.