पुडक्यावरची ओंबी

शालनसारखी हट्टी बाई डोळखांबच्या अंगाला दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. बकरीलाही नीट उभं राहता येऊ नये अशा वरकस उतारावर तिने नवऱ्याच्या बरोबरीने नाचणी पिकवली. मुकेशला शिकवीन म्हणाली, शिकवला; तो आता भिवंडीला गोदामात नोकरीला आहे. आणि नवऱ्याला, नथूला, साखरेचं दुखणं निघालं तेव्हा ती डॉक्टरीणबाईंना ठसक्यात म्हणाली, "साखर उतरवूनच दाखवते, बाई. तुमी फक्त काय खायाचं ते सांगा."

शहापूरच्या डॉक्टरीणबाई भल्या, पण बाहेर बाकावर माणसांची ही गर्दी. गोळ्या लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या, "भात कमी करा. नाचणीची भाकरी खा, तीही मोजून. पाव खायचाच झाला तर ब्राऊन, पण अख्ख्या गव्हाचा बघून घ्या." आता गंमत ऐका. भाकरी हा शब्द शालनच्या कानावरून वाऱ्यासारखा गेला. भाकरी तर जन्मापासून घरात होती, ती कुठे औषध असते होय? औषध म्हणजे दुकानातलं, पुडक्यातलं. तिने ब्राऊन पाव तेवढा पकडला आणि 'बघून घ्या' दारातच सोडून आली.

आणि पाव तर तिच्या हातातलाच! वाशिंदला कारखान्यांच्या रांगेत एक बेकरी आहे, तिथे ती पॅकिंगला जायची. भट्टीतून आलेला पाव पिशवीत सरकवायचा आणि तोंडाला तारेची पट्टी पिळायची. बाकीच्या बायका एकदा पिळत, शालन दोनदा. मुकादम भगीरथ ओरडला तरी ऐकायची नाही. "सैल राह्यलं की मुंगी जाते," म्हणायची. ब्राऊनच्या पिशवीवर सोनेरी गव्हाची ओंबी छापलेली, खाली हिरव्या अक्षरांत 'गव्हाचा कस, निरोगी दिवस'. आणि पाव कसा, तर चांगला काळसर. आमच्याकडची माणसं रंगावर भरवसा टाकतात, त्यात त्यांचं काय चुकलं? नाचणी काळपट, ती अंगाला लागते. हातसडीचा तांदूळ मळकट, तो पोटाला धरून राहतो. गूळ काळा तेवढा गुणाचा. पांढरं ते पाहुण्याचं, काळं ते कसाचं, हे पिढ्यान् पिढ्या खरंच ठरत आलं होतं.

आकार बिघडलेले पाव कामगारांना नेऊ देत. शालन रोज एक ब्राऊन पाव पिशवीत घालून, पट्टी पिळून घरी आणायची. कणगीतली नाचणी तिने शेजारच्या मैनाकाकीला देऊन टाकली. "आमच्याकडं आता डॉक्टरी खानं हाय, काकी. तुमीच खावा." विहारात पौर्णिमेला बायका जमल्या, तिथेही मिरवून आली. नथू बिचारा गरीब गाय. वाढेल ते चहात बुडवून गपगुमान खायचा. "आजून एक घ्या, औषध हाय," म्हणत ती वर आणखी एक तुकडा ठेवायची.

साखर उतरली नाही. चढली.

त्यातच भाताच्या रोपांसाठी राब भाजायला पाला गोळा करताना कारवीचा खुंट नथूच्या अंगठ्यात घुसला. त्याला कळलंसुद्धा नाही, पाय कधीचा बधिर झालेला. चप्पल काढली तेव्हा आत रक्त. हळद लावली, मलम लावलं, जखम काही भरेना. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गोळ्या घेताय ना? मग खाता काय?"

"तुमी सांगितला त्योच पाव, बाई."

"खाण्याचं काहीतरी चुकतंय, मावशी. साखर अशीच राहिली तर आधी बोटं काढावी लागतील, मग पाय."

शेतावर जन्म काढलेल्या माणसाचा पाय गेला तर त्याच्याजवळ उरतं काय? रस्ताभर शालन रडली. आणि घरी येऊन तिने काय करावं? होता नव्हता तो भातही बंद केला आणि तिन्ही वेळा पाव लावला. हट्टीच ती! साखरेवर तुटून पडायचं तिच्याजवळ दुसरं हत्यारच नव्हतं.

त्याच आठवड्यात बेकरीत पीठ मळायच्या मशीनवरची बाई आली नाही. भगीरथने शालनला पहिल्यांदाच आत पाठवलं. ब्राऊनचा घाणा होता. त्याने गोणी फोडली, आत पांढराशुभ्र मैदा.

"भाऊ, ह्यो तर पांढरा. ब्राऊनचं पीठ कुठाय?"

"हेच. ओत तू."

गोणीवर गोणी ओतली. वर ओंजळभर कोंडा भुरभुरला. मग भगीरथने एका कॅनमधलं डांबरासारखं काळं पाणी मशीनमध्ये सोडलं. "जळकी साखर," तो म्हणाला. "रंगाला. लोकांना काळा पायजे ना." मशीन फिरलं आणि पांढऱ्या गोळ्याला बघता बघता नाचणीचा रंग चढला. शालनच्या हातातली गोणी खाली पडली.

जेवणाच्या सुट्टीत तिने पॅकिंगच्या प्रेमाला गाठलं. प्रेमा वाशिंदचीच, बारावी झालेली. शालनने पिशवी उलटी करून तिच्यासमोर धरली. "हे बारीक इंग्रजी वाच गो. पैलं काय लिवलंय?"

"पैलं? रिफाइंड व्हीट फ्लोअर. म्हंजे मैदाच की. मंग साखर... कोंडा पार खाली. जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव पैलं लिवतात."

"आनि अख्खा गहू?"

"नायच हाय." प्रेमाने डबा उघडला. "आमी कुनीच ह्यो घरी नेत नाय. आमाला वाटायचं, तू कोंबड्यांना नेतेस."

बाई गं! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शालनला झालं. लपवलेलं काहीच नव्हतं हो! पुढे ओंबी, मागे मैदा, राजरोस छापलेलं. त्या पिशव्यांच्या राशी तिच्या हातांखालून गेल्या होत्या आणि तिने एकही उलटी करून पाहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, बघून घ्या.

ती प्रेमाचा हात धरून बसली. "अख्ख्या गव्हाची अक्षरं मला लिवून दे. हितं, हातावर." प्रेमाने पेनाने तिच्या तळहातावर इंग्रजीत 'होल व्हीट' लिहून दिलं. तो हात घेऊन शालन शहापूरच्या बाजारात दुकानामागून दुकान हिंडली. पुडकं उलटं करायचं, पहिल्या नावाशी तळहात जुळवायचा. एकावर आटा ब्रेड लिहिलेलं, मागे पहिला मैदा. एकावर सात धान्यांची चित्रं, मागे पहिला मैदा, आणि ती सात धान्यं म्हणजे पावाच्या पाठीवर चिकटवलेले चार तीळ. एकावर तळहातावरचीच अक्षरं पुढे ठळक सापडली, तिला हायसं वाटलं. मागे पाहिलं तर तीच अक्षरं तिसऱ्या जागी. घामाने शाई फिसकटायला लागली. दुकानदार खेकसला, "घ्यायचं असेल तर घे, नायतर ठेव खाली! उलटंसुलटं काय करतेस?"

"पैलं नाव गव्हाचं असलेला हाय का तुमच्याकडं?"

"तसला इथं खपत नाय. कल्याणला बघ."

नथूच्या तोंडात संध्याकाळी काय घालायचं होतं, आणि हा कल्याण दाखवत होता. तिथेच, दुकानाच्या पायरीवर, तिला डॉक्टरीणबाईंचं अर्धं बोलणं आठवलं. नाचणी. आपल्या वरकसावरची नाचणी. आपल्याच कणगीतून आपल्याच हाताने काढून दिलेली.

पाड्यावर पोचताच ती पाय न धुता मैनाकाकीच्या दारात गेली. "काकी, माजी नाचणी परत द्या."

"खाल्ली की गो. तूच बोल्लीस खावा म्हनून." काकी गडबडली. "बियानं तेवढं हाय, राखंत घालून ठेवलेलं."

"तेच द्या."

"येडी झालीस का? बियानं खातं का कोन?"

"झालेय येडी. द्या."

राख पाखडून तिने ती नाचणी जात्यावर दळली. पुढच्या साली वरकसावर काय पेरायचं हा विचार आला, तो तिने तसाच जात्याखाली ढकलला. भाकरी तव्यावर होती तेव्हा आतून नथू कण्हला. ती धावली. त्याचं अंग तापाने भाजत होतं आणि अंगठ्याचा काळेपणा शेजारच्या बोटाच्या मुळाशी पोचला होता. भाकरी फडक्यात बांधली, जीप बोलावली आणि त्याला सरकारी दवाखान्यात आणला.

त्याच रात्री दोन बोटं काढली. "पाऊल राहतं का बघू," तिथले डॉक्टर म्हणाले. "आता सगळं साखर उतरण्यावर आहे." शालनने मान हलवली. हेच ती कधीकाळी छाती ठोकून म्हणाली होती.

सकाळी वॉर्डात नाश्त्याची गाडी आली. वॉर्डातल्या कामवाल्या मावशी खाटेखाटेवर वाटत होत्या, "साखरवाल्यांना ब्राऊन, बाकीच्यांना पांढरा." त्यांनी नथूच्या हातात काळसर पावाचे तुकडे दिले आणि उरलेली पिशवी गाडीवर ठेवली. तिच्यावर सोनेरी ओंबी होती. बाजूला बंद पिशव्यांची रास होती, आणि त्यांतल्या कितीकांची तारेची पट्टी दोनदा पिळलेली होती.

"देऊ नका तो!" शालन ओरडली. "मैदा हाय त्यो, रंगवलेला! मी स्वता ओतलाय!"

"काय गं बाई, सकाळ सकाळ," मावशी म्हणाल्या आणि गाडी पुढे ढकलली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने तुकडा चहात बुडवला. शालनने नथूच्या हातातला पाव काढून घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तिने सगळं सांगितलं, मशीन, काळं पाणी, कोंबड्या, सगळं. "मीच खायला घातला तुमाला," म्हणून तिने खाटेच्या दांड्यावर कपाळ आपटलं.

नथूने सलाईनचा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"गोड लागायचा गो त्यो," तो म्हणाला. "पैल्या दिवसापासनं. माला भाकरीच पायजे होती. पन तू एवढ्या लांबनं, एवढ्या हौसंनं आनायचीस..."

शालनने फडकं सोडलं. भाकरी वाळून कडक झाली होती. तिने दोन्ही हातांनी तिचा तुकडा मोडला आणि पाण्यात भिजवून त्याच्या तोंडाशी धरला.