कानामागचा उजेड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कोणी असले अनुभव सांगायला लागलं की मी उठून कुकर लावते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, पळसदरी स्टेशनपासून जवळ. शाळेत चित्रकला शिकवायचं सोडून आता मी घरी टॅब्लेटवर मोबाइल गेमसाठी पात्रं रंगवते. त्यातल्या एका शेतकरणीला मी थोरल्या जाऊबाईंचाच चेहरा दिला.

"माझं थोबाड कोन बघनार हाय गं?" त्या म्हणाल्या. "जरा गोरी तरी कर!"

क्लायंटने चित्र परत पाठवलं — चेहरा सपाट वाटतो, उजेडाला दिशा नाही. बरोबरच होतं. मी प्रकाशाचा वेगळा लेयर, म्हणजे चित्रावर हवा तेव्हा चालू-बंद करता येणारा थर, केला, डावीकडून सकाळचं ऊन टाकलं, सावलीतला काळा काढून निळसर जांभळा भरला. सेव्ह केलं आणि जेवायला उठले.

परत येऊन फाइल उघडली तर ऊन गायब. हनुवटी, नाकाखालचा भाग, भुवया — सगळं खालून नारिंगी उजळलेलं. शिवाय डाव्या कानाच्या कडेवर, मागून आलेली आणखी एक नारिंगी रेघ! घरात मी एकटी. चुकीची फाइल असेल म्हणून तपासलं... तीच होती. प्रकाशाचा लेयर बंद केला, तरी उजेड तसाच.

घाबरायच्या आधी मला वाटलं, हे माझ्यापेक्षा चांगलं रंगवलंय. खालचा उजेड राबाचा, हे लगेच कळलं. भाताची रोपं करायच्या जागेवर आम्ही पालापाचोळा नि शेण पसरून जाळतो, तो राब. पण कानामागे कसला उजेड? आग तर समोर असते. उजेड कुठून आला हे सांगता येत नसेल तर चित्र चुकलं, हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवलंय. जाऊबाई त्याच संध्याकाळी राब भाजणार होत्या. खरा उजेड बघून दुरुस्ती करू, म्हणून मोबाइल घेऊन शेतावर गेले.

सूर्य डोंगराआड गेला होता. जाऊबाई वाकून फांदीने आग आत लोटत होत्या. चेहरा हुबेहूब चित्रातला. फोटोसाठी मोबाइल वर केला आणि... डाव्या कानाची कड नारिंगी दिसली.

"ताई, तुमच्या मागे काय आहे?"

"मागं काय असनार? फोटू काढ नि जा!"

मी धावत त्यांच्या मागे गेले. पदर पेटला होता. जाळ खांद्याकडे चढत होता आणि त्यांना पत्ता नव्हता! मी त्यांना ढेकळांत पाडलं, पदर ओढून काढला, हातांनी माती लोटली.

"मारतेस का काय गं सुषमे!" त्या ओरडल्या. मग जळका पदर दिसला आणि त्यांनी माझाच हात घट्ट धरला. दंडावर फोड आले, थोडे केस जळले. तेवढ्यावर निभावलं.

चित्रातला उजेड गेला नाही. शेवटी मी तेच पाठवून दिलं. क्लायंट खूश — "आता चेहरा जिवंत वाटतो. उरलेल्या पात्रांवरही असाच उजेड टाका."

उरलेल्या पात्रांत एक चेहरा माझ्या नवऱ्याचा आहे, एक लेकीचा. मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी कारण विचारलं. मी उठून कुकर लावला.