कोरडं काम

त्या हॉटेलात भांडी घासायला दोघी होत्या आणि दोघींनाही सगळे मावशीच म्हणत. ज्यांना पद द्यायचं नसतं त्यांना नातं देऊन मोकळं व्हायचं, ही रीत सगळीकडे आहे, तशी तिथेही होती. हाका मारताना घोटाळा व्हायला लागला तेव्हा एकीला थोरली केली आणि दुसरीला धाकटी. थोरली सतरा वर्षं मोरीवर होती. या सतरा वर्षांत हॉटेलचे तीन मालक झाले, पाटी दोनदा बदलली, बाहेरच्या भिंतीला किती रंग लागले याची गणती नाही. मोरी मात्र होती तिथेच राहिली. मागच्या अंगाला एक लांबट खोली, त्यात ओळीने तीन खोल टाक्या. पहिलीत साबणाचं कढत पाणी, दुसरीत साधं, तिसरीत जंतू मारायचं औषध. भिंतीत एक चौकोनी झरोका, त्यातून वेटर उष्ट्या प्लेटा आत सरकवत.

तिसरा मालक म्हणजे टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवणारा शेफ. स्वयंपाकघरातली माणसं त्याच्या मागे त्याला टीव्हीच म्हणत. सकाळी आल्या आल्या पहिला प्रश्न तोच, की आज टीव्ही लागलाय का? कुणी म्हणे लागलाय, पण आवाज बारीक आहे. कुणी म्हणे सांभाळून राहा, आज फुल आवाजात आहे. त्याच्या बातम्यांची कात्रणं थंड खोलीच्या दारावर चिकटवलेली असत. कामाच्या माणसांना प्रेरणा मिळावी म्हणून, असं तो म्हणे. दार दिवसातून शंभरदा उघडायचं, त्यामुळे कात्रणांचे कोपरे ओले होऊन वळलेले असायचे.

त्यातलं सगळ्यात नवं कात्रण रविवारच्या पुरवणीतलं होतं, अर्धं पान भरून. काळ्या प्लेटमध्ये भाजलेलं बीट, वर पांढरा फेस, कडेने हिरव्या तेलाची रेघ. शहराने असं काही कधी चाखलंच नव्हतं, असं लिहिणाऱ्याने लिहिलं होतं. तेव्हापासून तीन आठवडे टेबल मिळत नव्हतं. बाहेर लोक फोन करकरून थकले आणि आत या दोघी त्या काळ्या प्लेटा घासघासून.

थोरलीचं दुखणं वेगळंच होतं. तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. साध्या भेगा असत्या तर तिने चार शिव्या घालून सोडून दिल्या असत्या. पण बोटांच्या सांध्यांवर कातडी फाटायची, रक्त यायचं, रात्रीत खपली धरायची आणि सकाळी साबणाच्या पाण्यात परत उकलायची. नातीची वेणी घालायला बसली तर केस बोटांत अडकायचे. नात म्हणाली, "आजी, तू नको. आई घालेल." पोरीने साधेपणाने म्हटलं, पण म्हातारीने त्या दिवसापासून फणी हातात घेतली नाही. शेवटी सून तिला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी हात उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाले, "आजी, पाणी सोडा."

"प्यायचं पण का?"

डॉक्टर हसले नाहीत. "मलम देतो, पण मलमाने भागणार नाही. हातमोज्यांनी पण नाही, आत घाम साचतो. असंच चालू ठेवलंत तर वर्षभरात बोटं मिटायची बंद होतील. कोरडं काम मागून घ्या."

कोरडं काम मागून घ्या. दुकानातून मीठ मागून घ्यावं तसं सांगितलं.

पण हॉटेलात कोरडं काम होतं. जेवणाच्या दालनाकडे जाताना खिडकीपाशी एक टेबल होतं. तिथे धुऊन आलेले काटे-चमचे नि ग्लास सुक्या फडक्याने पुसून चकचकीत करायचे आणि कापडी रुमालांच्या घड्या घालायच्या. बसायला खुर्ची होती. हे सगळं करणारी बाई महिनाअखेर लेकीकडे राहायला जाणार होती. थोरलीने ती खुर्ची मनात धरली. सतरा वर्षांत तिने त्या हॉटेलात दुसरं काहीही मागितलं नव्हतं. आता मागायचं ठरवलं आणि वस्तादाला गाठलं.

वस्ताद म्हणजे चुलीचा मुख्य. टीव्हीने कॅमेऱ्यासमोर चमचा हलवायचा आणि इकडे चारशे माणसांचं रांधायचं ते वस्तादाने. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "मावशी, मी सांगेन. पण त्याला तुमच्यात काहीतरी दिसलं पाहिजे. त्याला मोरीकडे बघितलं की नुसती मोरीच दिसते."

"काय दिसायला पाहिजे?"

"ते तुम्ही बघा. मी स्वतः कुणाला दिसायला अकरा वर्षं लागली."

ती घरी गेली, नवऱ्याशी बोलली. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, दिवसभर खाटेवर बसून पंख्याचा आवाज तपासायचा. तो म्हणाला, "तुला जे येतं ते दाखव की."

"मला घासायला येतं."

"तू रोज येऊन मला सांगतेस ते काय मग? कोणी काय टाकलं नि कोणी काय चाटून खाल्लं?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सतरा वर्षं उष्ट्या प्लेटा हातातून गेल्यावर जे कळतं, ते तिला कळायचं. पण ती एक विद्या आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या प्लेटमधलं मन लावून खाल्लंय, कुठलं नुसतं चिवडलंय, कुणी पैसे भरलेत म्हणून गिळलंय, हे ती झरोक्यातून प्लेट आत आली की सांगू शकायची.

मंगळवारी दुपारचं जेवण आटोपल्यावर टीव्हीने सगळ्यांना ओट्याभोवती उभं केलं. नव्या मुलाखतीला जाण्याआधी त्याला अंदाज घ्यायचा होता. "बीट कसं जातंय?"

सगळे म्हणाले, एक नंबर. वेटर म्हणाले, लोक वेडे झालेत.

मागून थोरलीचा आवाज आला. "बीट जातं, साहेब. फेस परत येतो."

वस्तादाने छताकडे पाहिलं. टीव्हीने कोण बोललं ते शोधलं. "काय म्हणालात?"

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "आज चव्वेचाळीस प्लेटा गेल्या. एकतीस प्लेटांवर फेस तसाच होता, बाजूला सारलेला. खिडकीच्या टेबलांवरून जास्त. तिथे उजेड चांगला पडतो, लोक फोटो काढत बसतात. तोवर फेस खाली बसतो आणि साबणाच्या पाण्यासारखा दिसायला लागतो. कोण खाणार? वाळला की काळ्या प्लेटवरून निघत पण नाही, तीनदा घासावं लागतं."

"आणि तेल?"

"तेल पुसून खातात. बोटाने. कुणी बघत नसलं की. काठावर बोटाचा माग असतो."

टीव्ही मूर्ख नव्हता, हे मान्य करावं लागेल. दुसऱ्या दिवशी तो मोरीत येऊन तासभर झरोक्यापाशी उभा राहिला. बूट ओले झाले तरी उभा राहिला. थोरली एकेक प्लेट वर धरून सांगत गेली आणि तो वहीत लिहीत गेला. आठवड्यात फेस गेला, तेल वाढलं. आणखी दोन पदार्थ बदलले. पुढच्या मुलाखतीत त्याने सांगितलं की मी पाहुण्यांशी बोलत नाही, मी त्यांच्या परत आलेल्या प्लेटा वाचतो. ते कात्रण दारावर लागलं. वस्तादाने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि थोरलीकडे बघून एक भुवई वर केली. तिने खांदे उडवले. बोलणं त्याच्या नावावर गेलं तर गेलं, खुर्ची मिळाली म्हणजे झालं.

महिनाअखेर ती टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. हात दाखवले, टेबलाचं विचारलं.

त्याने हात पाहिले, चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्यासारखं आणलं. मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला मोरीवरून हलवायचं म्हणजे मी माझे डोळे काढून ठेवायचे. टेबलावर कुणीही बसेल. तुमच्या जागी कोण?"

खिडकीपाशी तिसऱ्याच दिवशी एक नवी बाई येऊन बसली.

"मी म्हटलं काहीतरी दाखवा," वस्ताद म्हणाला, "तुम्ही जरा जास्तच दाखवलंत."

थोरलीला राग टीव्हीचा आला नाही, स्वतःचा आला. मोरीतून सुटायचं म्हणून तिने स्वतःच मोरीवरची आपली किंमत त्याला पटवून दिली होती. कढत पाण्यात हात घातला तेव्हा बोटं ठणकली आणि तिने जोराने घासलं, जणू चूक त्या प्लेटची होती.

दुसऱ्या दिवसापासून टीव्हीने विचारलं, "काय परत आलं?" की ती म्हणायची, "सगळं संपतं, साहेब." मासा परत आला, सगळं संपतं. नव्या भाताला कुणी हात लावला नाही, सगळं संपतं. चार दिवस असं चाललं. धाकटी पदराआड हसायची.

पाचव्या दिवशी तो मोरीत आला. "मावशी, रुसलात का?"

"रुसायला मी काय तुमची सासू आहे?" ती म्हणाली. फडकं खाली ठेवलं. "ऐका. वाचायला पाणी लागत नाही. झरोक्याखाली एक टेबल टाका. प्लेट आधी माझ्या हातात येईल. खरकटं मी काढीन, काय आलं ते तुम्हाला सांगीन, प्लेट पुढे देईन. सुकं काम. पाण्यात मी हात घालणार नाही. नाहीतर सगळं संपतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. टीव्हीवरचं हसू त्याने आणलं नाही, हे तिने लक्षात ठेवलं. "टेबल उद्या टाकतो. पण मग धुणार कोण?"

"धाकटी एकटी नाही पुरणार. आणखी एक माणूस घ्या."

"बघू," तो म्हणाला.

टेबल दुसऱ्या दिवशी आलं. माणसाचं "बघू" झालं.

थोरलीचं पाणी सुटलं. दोन आठवड्यांत खपल्या पडल्या, बोटांवर गुलाबी नवी कातडी आली. घरी तिने मलमाची डबी पहिल्यांदा पूर्ण झाकण लावून ठेवली. तिने हे सतरा वर्षांनी स्वतःच्या तोंडाने मिळवलं होतं, कुणाच्या मेहरबानीने नाही. पण तिला त्याचा आनंद धड होईना, कारण टाक्यांपाशी दोघींचं काम एकटी धाकटी करत होती.

धाकटी पहिले चार दिवस म्हणाली, "ताई, तू बरी झालीस, बास." पुढचे चार दिवस काही म्हणाली नाही. मग एके दुपारी ती हात झटकताना थोरलीने पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सोलत होती. थोरलीची पण तशीच सुरुवात झाली होती.

"दाखव."

"काही नाही गं."

"दाखव म्हटलं ना."

धाकटीने हात पाठीमागे घेतला. "तुला मिळालंय ते घे ना गप. सगळ्यांना थोडंच मिळतं. मी तुझ्यासारखी बोलू शकत नाही, माझं तोंड उघडलं की मीच घाबरते."

थोरली त्या दिवशी घरी जाऊनही धाकटीच्या हातांचाच विचार करत राहिली. नवरा म्हणाला, "आता काय झालं, मिळालं ना तुला?" ती म्हणाली, "मिळालं. दुसरीचं काढून मिळालं." टीव्हीला तिने पुन्हा दोनदा विचारलं. त्याचं बघू चालूच होतं. तो आता दुसऱ्या गल्लीत नवं हॉटेल काढत होता आणि त्याचीच बातमी छापून येत होती.

सोमवारी ती लवकर आली. धाकटीने पदर खोचून पहिल्या टाकीचा नळ सोडला होता. थोरलीने तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि टेबलापाशी नेऊन उभं केलं.

"आजपासून एक दिवस तू इथे, एक दिवस मी."

"अगं, डॉक्टरने तुला..."

"डॉक्टर मोरीत उभा नाही राहत. हात एक दिवसाआड भिजले तर दुप्पट दिवस टिकतील. तुझे पण."

"मला वाचता येत नाही ते प्लेटांचं."

"मला कुणी शिकवलं होतं?"

थोरलीने बाह्या वर केल्या. नव्या कातडीला पाणी लागलं तेव्हा तिने डोळे मिटले, श्वास सोडला आणि पहिली कढई ओढली. जेवणं सुरू झाली तशी झरोक्यातून पहिली प्लेट आली. धाकटीने ती दोन्ही हातांनी धरली, जणू परीक्षेचा पेपर.

"ही साफ आहे. आवडलं असणार."

"रुमाल उचल."

धाकटीने प्लेटवरचा चुरगळलेला रुमाल उचलला. खाली मासा जवळजवळ अख्खा होता, त्यातून एकच घास काढल्याची खूण.

"लपवलंय की गं," धाकटी म्हणाली.

"ज्यांना नाही म्हणायची लाज वाटते ते लपवतात. वेटरने विचारलं की छान होतं म्हणतात." थोरलीने कढई दुसऱ्या टाकीत टाकली. "हात चालव, मागे रांग लागेल."

तेवढ्यात बाहेरून टीव्हीचा आवाज आला, फोनवर कुणाला तरी नव्या हॉटेलची तारीख सांगत तो इकडेच येत होता. धाकटीचा चेहरा उतरला.

"ताई, तो विचारेल. काय सांगू त्याला?"

"आधी सांग, माणूस घे. प्लेटांचं नंतर."

"आणि बघू म्हणाला तर?"

"तर रुमाल परत ठेव आणि सगळं संपतं म्हण."