शास्त्रीय नावाची पाटी

हसायचं तर हसा, पण चहा सांडू नका. आजवर मी चुका पुष्कळ केल्या, पण रंगवून, खिळे ठोकून केलेली चूक ही एकच!

निवृत्तीनंतर मला झाडं ओळखायचा नाद लागला. नारायण पेठेतल्या आमच्या सोसायटीत झाडं अकरा. दहांवर माझ्या हस्ताक्षरात शास्त्रीय नावांच्या पाट्या लागल्या. राहिलं मागच्या अंगणातलं एक. वरच्या मजल्यावरच्या सुमतीकाकूंच्या यजमानांनी लावलेलं. काका गेल्यापासून काकू रोज खिडकीतून त्या झाडाशी बोलायच्या.

"अविनाश, आंबा आहे तो. त्यात ओळखायचंय काय?" काकू म्हणाल्या.

आता नुसता आंबा म्हटलं, तर माझ्या अभ्यासाला काय किंमत राहिली? चढलो शिडीवर. आणि काय सांगू! फांदीवर नळीसारखी केशरी फुलं! आंब्याला अशी फुलं येतात? फोटो काढला, मोबाइलला विचारलं. उत्तर आलं, डेंड्रॉफ्थी फाल्काटा. पुढचं वाचायला धीर कुणाला होता? संध्याकाळी पाटी ठोकली!

महिन्याभराने काकूंनी माळी बोलावला.

"सायेब, बांडगूळ हाय हे. काढलं न्हाई तर झाड वाळंल."

"खबरदार!" मी शिडीच अडवली. "याला शास्त्रीय नाव आहे. बांडगुळाला कधी शास्त्रीय नाव असतं?"

माळी निघून गेला. काकूंनी पाटीकडे पाहिलं आणि त्या जिना चढून वर गेल्या. ते आठवलं की आजही वाईट वाटतं हो.

दोन वर्षं मोहर नाही. फांद्या वाळायला लागल्या. काकू खिडकी बंद ठेवायला लागल्या. शेवटी मीच घाबरलो आणि वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकांना घेऊन आलो. काकूही खाली आल्या. बाईंनी पाटी वाचली, वर पाहिलं.

"नाव अगदी बरोबर आहे."

"बघा काकू!"

"फक्त ते त्या बांडगुळाचं आहे. झाड आंब्याचंच आहे."

"पण... बांडगुळाला शास्त्रीय नाव?"

"अहो, ढेकणालासुद्धा असतं."

दुसऱ्या दिवशी माळ्याची शिडी मी स्वतः धरली. "काकू, चुकलो," म्हणालो.

"झाड जगू दे, मग बघू," त्या म्हणाल्या.

जगलं! पुढच्या माघात मोहर आला, तेव्हा मला खरंच रडू आलं. उन्हाळ्यात काकूंनी पन्हं पाठवलं. म्हटलं, माफी मिळाली. लाजेकाजेस्तव माझी पाटी काढायला गेलो, तर तिच्या जागी नवी पाटी ठोकलेली.

"हा आंबा आहे. शंका असल्यास वरच्या मजल्यावर विचारावे. तळमजल्यावर विचारू नये."

तळमजल्यावर आमचं एकच बिऱ्हाड आहे.