परातीचं स्टिअरिंग

कॅनडात, स्कारबरोतल्या माझ्या रोजच्या बसची ड्रायव्हर निघण्याआधी स्टिअरिंगवरून दोन्ही तळवे गोल फिरवायची, कणीक मळल्यासारखे. आमचं बोलणं रोजच्या 'गुड मॉर्निंग'पुरतंच. एका सकाळी बर्फावर बस आडवी घसरली आणि मी किंचाळले, "आई गं!"

तिने शांतपणे बस सरळ केली आणि चक्क मराठीत म्हणाली, "घाबरू नको गो बाय."

उतरताना मी तिच्यापाशी थांबले. "घसरलेली बस अशी सरळ करायला कुठे शिकलात?"

"बेसमेंटात. दिवसभर वेअरहाऊसात राबायचे, संध्याकाळी मांडीवर परात घेऊन बस चालवायचे. डोळे मिटून रोज बर्फात घसरायचे, रोज सरळ करायचे."

"आणि खऱ्या बर्फात कधी घसरलात?"

तळवे पुन्हा स्टिअरिंगवर गोल फिरले.

"आज पहिल्यांदाच."

उतरायचं सोडून मी मटकन सीटवर बसले.