बाबांची थंडी

टेलरबाईंच्या सासऱ्यांना बारा महिने थंडी वाजायची. हिवाळ्यात वाजायची, ते एक समजू शकतो. पण भर उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस मागच्या खोलीत अंगात स्वेटर आणि पायांवर शाल घेऊन बसलेला असे. येणारा-जाणारा आधी हसायचा आणि मग आवाज खाली आणून विचारायचा, "तब्येत बरी आहे ना?" डॉक्टरांनी रक्त तपासलं, ते ठणठणीत निघालं. मग त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, थंडी काही संपली नाही.

टेलरबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. घराच्या पुढच्या खोलीत त्या शिवणकाम करायच्या. नवे कपडे थोडे, दुरुस्त्या फार. लोक जाड होतात, बारीक होतात, आणि पुन्हा जाड होतात, त्यावर त्यांचं घर निम्मं चालायचं. हात असा की त्यांच्याकडून पँट सैल करून घेतलेला माणूस आपण बारीक झालो असं समजून मिठाईच्या दुकानात शिरायचा. त्यांची एकच खोड होती. शिवण मारली की ती लगेच इस्त्रीखाली गेली पाहिजे. एक बाही जोडली, दाबली. खिसा लावला, दाबला. ज्या बाईंकडे त्या शिकल्या त्यांनी हे डोक्यात ठोकून बसवलं होतं, ते काही निघालं नाही. सकाळची आवराआवर झाली की इस्त्री तापायची, ती दिवेलागणीलाच गार व्हायची. रविवार तेवढा सुट्टीचा.

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "हे स्पष्ट दिसतं, की हे?" असं विचारणं हे त्याचं काम, आणि ते तो चोख करायचा. स्वतःवर निवडायची वेळ आली की मात्र त्याला काहीच स्पष्ट दिसेनासं व्हायचं. साधी बादली आणायला गेला तरी चार दुकानं पालथी घालून हात हलवत परत यायचा. निळी घ्यावी की हिरवी, यावर घरी येऊन चर्चा.

आणि बाबा, म्हणजे सासरे. बस डेपोत गाड्या वेळेवर सोडण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हाताला काम नाही म्हणून सुनेच्या दोऱ्यांच्या रिळांत लक्ष घालू लागले, आणि बघता बघता काजं-बटणांचं खातं त्यांच्याकडे गेलं. रंगाला रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागच्या खोलीत बसून बटणं लावायची आणि उघड्या दारातून पुढच्या खोलीतल्या सुनेशी तावातावानं भांडायचं, हा त्यांचा दिवस. भांडण रेडिओवरच्या बातम्यांवरून, भाजीत मीठ जास्त यावरून, काहीही चालायचं. दुपारचा चहा तेच करायचे. टेलरबाईंना सख्खे वडील आठवतही नव्हते. ही जागा बाबांनी कधी घेतली ते त्यांना कळलंच नव्हतं.

हिवाळ्यातल्या एके दुपारी मोठे दीर न कळवता आले. बाबा शालीखाली मुटकुळं करून बसलेले, नाकाचा शेंडा लाल. दिरांनी भिंतीला हात लावून पाहिला आणि तिथंच फटाका फुटला.

"माझ्या बापाला फ्रीजमध्ये ठेवलंय का तुम्ही?"

टेलरबाई बसायच्या त्या खोलीत तर गारठा नव्हता. नवरा संध्याकाळी यायचा तेव्हा म्हणायचा, "कुठं आहे थंडी? छान तर वाटतंय." बाबा एकटेच कुडकुडत. म्हणून ती थंडी बाबांच्या वयाच्या खात्यावर मांडली गेली होती. आता मोठ्या मुलानं ती सुनेच्या खात्यावर टाकली.

खरं म्हणजे घर गरम-गार करणारं मशीन म्हातारंच झालं होतं. माळ्यावर बसून कण्हायचं, आणि छतातल्या पत्र्याच्या नळ्यांतून हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार हवा खोल्या-खोल्यांत सोडायचं, मनात आलं तर. नवीन घ्यायचं, असं त्या दुपारी ठरलं. आणि बाबा म्हणाले, "बरं झालं. मग नवीन मशीन बसेतोवर मी मोठ्याकडे जातो."

'तोवर' हा शब्द टेलरबाईंना चांगला ठाऊक होता. शेजारच्या आजी अशाच घराला रंग लागेतोवर लेकीकडे गेल्या होत्या. रंग लागला, वाळला, आता त्याचे पोपडे निघायला लागले, आजी काही परत आल्या नाहीत.

आणि एक गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती, ती त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. रविवारी बाबांना थंडी वाजत नसे. रविवारी मुलगा घरी असतो. मुलगा असला की बाबा शर्टावर फिरतात, सोमवारी सुनेबरोबर एकटे उरले की स्वेटर चढतो. थंडी हे निमित्त असेल का? इथं राहायचा कंटाळा आला असेल, आणि भला माणूस म्हणून तोंडानं म्हणत नसतील? विचारणं सोपं होतं. पण विचारलं आणि ते 'हो' म्हणाले तर?

तेव्हा त्यांनी न विचारता मशीनचा धोशा लावला. नवं मशीन लवकर बसलं तर 'तोवर'ची लांबी तेवढीच कमी. मशीनवाला आला. टेलरबाईंनी घाईघाईनं इस्त्री बंद केली, टेबलावरचा पसारा उचलला, त्याला बसवून चहा दिला. त्यानं माळ्यावर डोकं घातलं, खोल्या टेपनं मोजल्या, मागच्या खोलीची कहाणी ऐकली आणि म्हणाला, "एवढी थंडी वाजते म्हणजे तुमच्या घराला मोठं मशीन पाहिजे. याच्या दीडपट तरी. नळ्याही सगळ्या नव्या घालाव्या लागतील, छत फोडून." दुसरा मार्ग, खोली-खोलीला वेगळं छोटं मशीन. तिसरा, आहे तेवढंच नवं, पण त्याची तो खात्री द्यायला तयार नव्हता. जाताना त्यानं तिन्हींची रंगीत पुस्तकं ठेवली.

झालं! नवऱ्याला आठवड्याचं काम मिळालं. तो जेवताना वाचायचा, दाढी करताना वाचायचा. "हे आवाज कमी करतं. पण ते फोनवरून चालतं. आणि हे बघ, याला हवेतली धूळ कळते."

"धूळ मलाही कळते," टेलरबाई म्हणाल्या. "तुम्ही एक काहीतरी ठरवा हो!"

"तेच तर करतोय."

अशातच टेलरबाईंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि त्यांना चार दिवस माहेरी जावं लागलं. जाताना जीव अर्धा इथं होता. मोठे दीर येत्या रविवारी बाबांना न्यायला येणार होते.

परतल्या त्या दुपारी दार बाबांनीच उघडलं. अंगात पातळ शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गालांवर रंग. बाहेर बोचरं वारं सुटलं होतं आणि घरात मस्त ऊब होती.

"ये गं, ये! आईचा डोळा कसा आहे?"

"बरा आहे. बाबा, स्वेटर?"

"अगं, तू गेलीस त्या दिवसापासून घालावाच लागला नाही. मशीन सुधारलं बघ आपलं आपण."

बिचारे किती आनंदानं सांगत होते! आणि टेलरबाईंना मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तू गेलीस त्या दिवसापासून. म्हणजे शंकेला आता जागाच नव्हती. आपण घराबाहेर पडलो आणि म्हातारा माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. त्या रात्रीचा स्वयंपाक त्यांनी एक शब्द न बोलता केला. नवऱ्याला वाटलं, प्रवासानं दमली असेल.

दुसऱ्या दिवशी तुंबलेल्या कामाचा ढीग समोर होता. टेलरबाईंनी इस्त्री तापवली आणि खाली मान घालून स्वतःला कामाला जुंपून घेतलं. बाही जोडायची, दाबायची. खिसा लावायचा, दाबायचा. मागच्या खोलीत बाबा गुणगुणत होते. मग गुणगुणणं थांबलं. मग खोकला आला. मग खुंटीवरून काहीतरी ओढल्याचा आवाज. टेलरबाईंनी दारातून पाहिलं, बाबा स्वेटरच्या बाहीत हात घालत होते.

त्यांचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि नाकासमोर भिंतीवरची डबी आली. पांढरी, काडेपेटीहून थोडी मोठी. घरात ऊब किती, गारवा किती, ते हीच डबी मोजायची आणि माळ्यावरच्या मशीनला चालू हो, बंद हो असं सांगायची. इतकी वर्षं ती इस्त्रीच्या टेबलाच्या वर, हातभर उंचीवर भिंतीला होती. तिच्याकडे कोण बघतंय? आता टेलरबाईंनी डोळे पुसून पाहिलं. डबीवर भर उन्हाळ्यातला आकडा होता. खालून इस्त्रीची वाफ वर जात होती, सरळ डबीच्या तोंडात.

टेलरबाईंच्या हातातला खिसा तसाच राहिला. त्यांनी इस्त्री बंद केली.

"बाबा, इकडे या. काही करू नका, नुसतं बसा."

"काय झालं?"

"बसा हो!"

बाबा बसले. दोघं त्या डबीकडे बघत राहिली. आकडा हळूहळू उतरू लागला. उतरता उतरता एका ठिकाणी टक् झालं, माळ्यावर मशीन कण्हलं आणि छतातून ऊब खाली यायला लागली. टेलरबाईंनी पुन्हा इस्त्री लावली आणि वाफेचा एक झोत वर सोडला. आकडा चढला, मशीन गप्प. बाबांचा विश्वास बसेना. "पुन्हा कर," ते म्हणाले. पुन्हा केलं. मग त्यांनी स्वतःच्या हातानं करून पाहिलं. काम पडलं होतं ते पडूनच राहिलं.

हिवाळ्यात इस्त्रीच्या वाफेनं डबीला वाटायचं घर तापलं, ती ऊब बंद करायची. उन्हाळ्यातही तिला तेच वाटायचं, आणि ती गार हवा सोडतच राहायची. टेलरबाई इस्त्रीपाशी, त्यांना काय कळणार? नवरा यायचा तेव्हा इस्त्री बंद झालेली. रविवारी सुट्टी. सगळा गारठा एकट्या बाबांच्या वाट्याला.

बाबांनी इस्त्री खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मी म्हातारा झालो नव्हतो?"

"म्हणजे?"

"अगं, बाकी कुणाला थंडी नाही, मला एकट्यालाच. मला वाटलं, आतला निखाराच विझत चाललाय. डॉक्टर सांगत नाहीत, तुम्हीही सांगत नाही. म्हटलं, मोठ्याकडे जाऊन पडावं. इथं तुझ्यासमोर विझायला नको."

मग टेलरबाईंनीही आपल्या मनातलं रविवारचं गणित सांगून टाकलं. बाबा आ वासून ऐकत राहिले.

"रविवारी? तुझा नवरा रविवारी दिवसभर माझ्या कानाशी ती मशीनची पुस्तकं वाचतो. त्याच्यासाठी मी आठवडाभर वाट बघेन होय? आणि हे टेबल इथं कुणी ठेवायला लावलं? मी! माझ्या खुर्चीवरून तुझ्याशी भांडता यावं म्हणून."

दोघंही हसत सुटली. हसताना टेलरबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आता ती लपवावीशी वाटली नाही. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात, तो असा.

मशीनवाल्याला पुन्हा बोलावलं. त्यानं कपाळावर हात मारला. "मी आलो तेव्हा तुम्ही इस्त्री बंद करून चहा टाकलात, मला कसं कळणार?" दीडपट मशीनही नको आणि छतही फोडायला नको, आहे तेवढंच नवं घेतलं तरी घर आरामात ऊबदार राहील, असं तो आता छातीठोकपणे म्हणाला. डबी तेवढी टेबलापासून लांब, मधल्या बोळात लावायची. एवढ्या आकाराची दोनच मशीनं होती. नवऱ्यानं दोन्हींची पुस्तकं समोर धरली आणि तोंड उघडलं, पण बाबांनी एकावर बोट ठेवलं आणि दुसरं उचलून मशीनवाल्याच्या पिशवीत परत टाकलं. पुढच्या महिन्यात बसवतो, असं सांगून तो गेला.

पुढच्या महिन्यात, म्हणजे 'तोवर' अजून होताच. बाबा जायचं नाही असं काही बोलले नव्हते, आणि टेलरबाईंनी विचारलं नव्हतं. भाऊजींचा शब्द, त्यांचा हक्क. आपण मध्ये कोण? शनिवारी बाबांच्या खोलीत बॅग भरलेली दिसली, तेव्हा त्या दारातूनच मागे फिरल्या.

रविवारी मोठे दीर आले. त्यांना इस्त्रीची सगळी हकिगत सांगितली. ऐकून ते वरमले, त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल टेलरबाईंना "राग मानू नका" म्हणाले. तरी हेका सुटला नाही. "पण जुन्या मशीनचा काय भरवसा? नवीन येईतोवर चला, बाबा. गाडी खाली उभी आहे."

टेलरबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातातलं फडकं त्यांनी पिळून पिळून कोरडं केलं होतं.

"मला थंडी वाजत होती म्हणून येणार होतो," बाबा म्हणाले. "आता वाजत नाही."

"पण बॅग तर भरलीय तुम्ही."

"हो ना. आणि माझा साबण गेलाय तिच्यात, आंघोळ अडलीय सकाळपासून. सूनबाई, जरा बघतेस का?"

साबण पार तळाशी होता. त्यासाठी टेलरबाईंनी एकेक कपडा बाहेर काढून पलंगावर ठेवला, आणि मग ते सगळे कपाटात लावून टाकले.